विजासनच्या लेण्यांत

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागात वणी हे तालुक्याचे गाव आहे. तेथून वरोऱ्याच्या वाटेने निघाले की पाटाळ्याजवळ वर्धा नदी आडवी येते. नदीच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे चंद्रपूर जिल्हा. नकाशावर ही रेषा ठळक शाईने काढलेली असते. पण पलीकडच्या लेकी अलीकडे नांदतात, अलीकडचे बैल पलीकडच्या बाजारात विकले जातात आणि नदीला तर त्या रेषेची काहीच वार्ता नाही. म्हणूनच भद्रावतीजवळची विजासनची लेणी दुसऱ्या जिल्ह्यात असली, तरी वणीकरांना ती घरचीच म्हणावी इतकी जवळ आहेत.

तथापि जवळच्या वस्तूकडे माणसाचे लक्ष सहसा जात नाही. वणीच्या एका शाळेतील सातवीच्या वर्गाला अजिंठ्याची सगळी माहिती मुखोद्गत होती. तेथे तीस लेणी आहेत, १८१९ साली ती पुन्हा उजेडात आली, वेरूळला चौतीस लेणी आहेत, हे सारे मुलांनी न अडखळता सांगितले. "विजासन कोणी पाहिले आहे?" असे गुरुजींनी विचारताच मात्र वर्गात तीनच हात वर झाले.

शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला नाही. तो तेथे कधी गेला नव्हता. पण ते नाव त्याच्या चांगल्या परिचयाचे होते. त्याचा थोरला भाऊ तीन वर्षांपूर्वी सहलीला जाऊन आला होता. "शिरल्याबरोबर डाव्या हाताला वळ. आतल्या भिंतीवर माझे नाव कोरलेले आहे. असे कोरले आहे की शंभर वर्षे हलणार नाही!" असे दादा मोठ्या ऐटीने सांगत असे. धाकट्याने ते इतक्या वेळा ऐकले होते, की न पाहिलेली ती भिंत त्याला आपल्या घरातल्या भिंतीइतकी ओळखीची वाटे. सहलीचा दिवस ठरला, तेव्हा त्याने कंपासपेटीतून कर्कटक काढून हळूच खिशात टाकले. दादाच्या नावाखाली जागा असेलच, असा त्याचा हिशेब होता.

दसरा होऊन गेला होता. कोजागरीचे दूधही पिऊन झाले होते. शरदातील ती सकाळ अगदी निरभ्र होती. वर्धेचा गढूळपणा जाऊन पाणी निवळले होते आणि पुलावरून पाहताना वाळूचे पट्टे नुकतेच उघडे पडू लागलेले दिसत होते. भद्रावती यायच्या थोडे आधीच गुरुजींनी सर्वांना गाडीतून उतरविले. "लेणी पाहायला येणारी माणसे पूर्वी पायीच येत. आपणही थोडे चालू," असे म्हणून ते शेताच्या बांधाने पुढे झाले.

वाट रम्य होती. कपाशीची बोंडे फुटू लागली होती. एका शेतात पहिल्या वेचणीआधीची सीतादही नुकतीच झालेली दिसली. झाडाला ओटी भरलेली होती आणि धुऱ्यावर दहीभाताचे ठिपके होते. तूर अद्याप हिरवी होती, सोयाबीनची शेते मोकळी झाली होती आणि सोंगलेल्या शेतात बगळे गंभीरपणे हिंडत होते. ऊन मात्र चढू लागले तसे बोचू लागले. आश्विनातील ऊन पावसाळ्यात साठविलेला सगळा राग एकदम काढते. मुलांच्या बाटल्या निम्म्या वाटेतच रिकाम्या झाल्या.

टेकडी दिसली तेव्हा बहुतेकांचा विरस झाला. अजिंठ्याच्या चित्रात वाघूर नदीचे प्रचंड वळण आणि उभा कडा असतो. येथे तर एक ठेंगणी, झुडपांनी भरलेली टेकडी होती. "एवढीशीच?" असे एकजण म्हणालाच. गुरुजींनी उत्तर दिले नाही. पायवाटेवर पडलेला एक सुटा दगड उचलून त्यांनी मुलांच्या हाती दिला आणि तो बोटाने चोळून पाहायला सांगितले. बोटांना तांबूस-पिवळी रेती लागली.

"हा वाळूचा दगड आहे," गुरुजी म्हणाले. "आपल्या यवतमाळच्या डोंगरातला काळा दगड लाव्ह्याचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भुईतून उसळलेला रस थिजून तो झाला. झरी जामणी तालुक्यात शिबला-पारडीला ते दगडी खांब आहेत ना, कोणी घडवून ठेवल्यासारखे? तेही त्याच रसाचे. थंड होताना तडकून त्यांना तो आकार आला, माणसाचा हात लागलेला नाही. अजिंठा आणि वेरूळही त्याच काळ्या दगडात कोरलेली आहेत. हा वाळूचा दगड मात्र त्याहून फार जुना. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी येथे नद्या वाहत. त्यांनी आणून टाकलेली वाळू थरावर थर बसून घट्ट झाली. या थरांच्या खाली आणखी जुने थर आहेत आणि त्यांत काय आहे, ते तुम्हांला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे."

"कोळसा!" सगळा वर्ग एका आवाजात ओरडला. वणीच्या मुलांना हे सांगावे लागत नाही.

"काळा दगड कोरायला कठीण, पण टिकायला चांगला. हा दगड कोरायला सोपा. म्हणून झिजायलाही सोपा." एवढे बोलून गुरुजींनी तो दगड जेथून उचलला होता, तेथेच पुन्हा ठेवला.

लेण्यांसमोर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा फलक आहे. हे संरक्षित स्मारक असून त्याची नासधूस करणाऱ्यास १९५८ च्या कायद्याप्रमाणे शिक्षा होते, असा मजकूर अशा फलकांवर असतो. २०१० साली तो कायदा अधिक कडक झाला. आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा एक लाखाच्या आकड्यावर मुले हसली. धाकटाही हसला, पण त्याचा उजवा हात खिशात गेला आणि कर्कटकाचे टोक बोटाला टोचले.

विजासनच्या लेण्याची रचना महाराष्ट्रातील इतर लेण्यांहून निराळी आहे. कार्ल्याला भव्य कमान आणि खांबांच्या दोन ओळी दिसतात; अजिंठ्याला ओसरी, सभामंडप आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या असतात. येथे तसे काही नाही. टेकडीच्या पोटात एक लांब, सरळ दालन खोदत नेले आहे. जुन्या सरकारी गॅझेटियरमध्ये त्याची लांबी ७१ फूट दिलेली आहे. दालनाच्या शेवटी गाभारा असून त्यात आसनावर बसलेली बुद्धांची प्रचंड मूर्ती आहे. प्रवेशद्वाराजवळच डावीकडे आणि उजवीकडे काटकोनात आणखी दोन दालने निघतात आणि त्या दोन्हींच्या शेवटीही एकेक गाभारा, एकेक मूर्ती. तीन हात पसरून कोणी उभे राहावे, तसा हा आराखडा आहे.

मुलांनी पावले मोजली. कोणाची अठ्ठावीस भरली, कोणाची पस्तीस. त्यावरून दालनाची लांबी ठरविण्याऐवजी कोणाचे पाऊल मोठे यावरच वाद सुरू झाला. राजूरहून रोज शाळेत येणारी एक मुलगी मात्र पावले मोजत नव्हती. ती वर छताकडे पाहत होती.

"गुरुजी, याला टेकू कुठे आहेत?"

"कसले टेकू?"

"माझे आजोबा कोळशाच्या खाणीत होते. ते सांगतात, खाली असा बोगदा काढला की छताला लाकडाचे टेकू द्यावे लागत. काठीने छत ठोकून पाहावे लागे. खणखणीत वाजले तर बरे. ढब्ब वाजले की मागे सरायचे. मग येथे छत खाली आले नाही का?"

गुरुजींना त्या प्रश्नाचा अतिशय आनंद झाला. पुस्तकात असे प्रश्न नसतात. त्यांनी समजावून सांगितले की, कोळसा ठिसूळ असतो आणि खाणीत वरच्या सगळ्या जमिनीचा भार छतावर येतो. येथे टेकडी लहान, दालन अरुंद आणि दगडाचा थर सलग आहे. परंतु खरे उत्तर तिच्या आजोबांच्या काठीतच होते. ज्यांनी हे लेणे खोदले, त्यांनीही आधी टेकडी अशीच ठोकून, तपासून पाहिली असली पाहिजे. कोठे भेग आहे, कोठे पाणी झिरपते, कोणता थर पक्का आहे, हे ओळखल्यावाचून कोणी सत्तर फूट आत घुसत नाही. लेणी कोरणारे कारागीर बहुधा छतापासून आरंभ करून खाली येत; त्यामुळे त्यांना परांची बांधावी लागत नसे. अजिंठ्याचे चोविसावे लेणे अर्धवट राहिले आहे. त्यात काम कसकसे पुढे सरकत होते, ते आजही स्पष्ट दिसते. घर बांधताना चुकलेली वीट काढता येते. लेण्यात चुकून तोडलेला दगड पुन्हा बसविता येत नाही. मूर्तीचा गुडघा कोठे येणार, हे ठाऊक नसताना तेथला दगड काढून टाकला, तर मूर्तीला गुडघाच उरायचा नाही!

"आणि छिन्न्या कुठून आणत?" एकाने विचारले.

"विदर्भाला लोखंडाची काय वाण?" गुरुजी म्हणाले. "नागपूर जिल्ह्यात नैकुंडला लोखंड वितळविण्याची फार प्राचीन भट्टी उत्खननात सापडली आहे. बुद्धांची ही मूर्ती घडली, त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडचे लोहार लोखंड गाळत होते."

आता सगळे गाभाऱ्यापाशी पोहोचले होते. डोळे अंधाराला सरावले, तशी मूर्ती हळूहळू पुढे आली. प्रथम गुडघे, मग छाती, मग खांदे. चेहरा मात्र अंधारातच राहिला. एका मुलाने गुरुजींकडे मोबाइलचा दिवा लावण्याचा आग्रह धरला. गुरुजींनी तो लावला आणि लगेच विझविला. त्या पांढऱ्या, टोचणाऱ्या उजेडात दगड मेल्यासारखा दिसत होता.

"ज्यांनी हा चेहरा कोरला, त्यांच्याजवळ हा दिवा नव्हता. मग त्यांनी काय केले असेल?"

"मशाल लावली असेल."

"मशालीच्या धुराने डोळे चुरचुरले असते," राजूरची मुलगी म्हणाली. मग ती क्षणभर दाराकडे पाहत राहिली. दालन सरळ होते; आतून दार म्हणजे प्रकाशाचा एक उभा तुकडा दिसत होता. "गुरुजी, जेवणाचे डबे अजून उघडले नाहीत ना?"

ती धावतच बाहेर गेली. स्टीलच्या डब्याचे झाकण तिने पदराला, म्हणजे खांद्यावरच्या ओढणीला, स्वच्छ पुसले आणि अंगणातल्या उन्हात उभी राहून ते दाराकडे वळविले. आरंभी प्रकाशाचा गोल छतावर नाचला, भिंतीवर आपटला, कोणाच्या तरी डोळ्यांत गेला. "खाली! आणखी खाली! डावीकडे!" आतून आरडाओरडा झाला. आणि मग तो गोल थरथरत वर चढला व मूर्तीच्या चेहऱ्यावर स्थिर झाला.

सगळे एकदम गप्प झाले. चेहरा फार झिजलेला होता. नाकाची धार गेली होती. डोळे म्हणजे केवळ दोन उथळ सावल्या उरल्या होत्या. तरी त्या सोनेरी उजेडात तो चेहरा शांत दिसला. झाकण धरणाऱ्या मुलीचा हात जरा हालला की गालावरची सावली सरके आणि ओठ किंचित हालल्याचा भास होई. अजिंठ्याच्या अंधाऱ्या दालनांत चित्रकारांनी असाच परावर्तित सूर्यप्रकाश वापरला असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. डब्याच्या झाकणाने ते सिद्ध होत नाही, हे खरे. पण तसे करता येते, एवढे तरी त्या दिवशी सातवीच्या वर्गाला पटले.

मग बाजूच्या दालनांची पाळी आली. तेथे एका झाकणाने काम भागेना, कारण वाट काटकोनात वळते. दुसरे झाकण वळणावर धरावे लागले. बाहेरच्या झाकणाने आत फेकलेला प्रकाश वळणावरच्या झाकणाने झेलायचा आणि पुढे ढकलायचा, असा खेळ ठरला. वळणावर उभे राहण्याचा मान धाकट्याने आपण होऊन मागून घेतला. दालन डावीकडचे होते.

त्या दालनात कोणीतरी आधीच बसलेले होते. गाभाऱ्यापुढे दोन मेणबत्त्या तेवत होत्या आणि पांढरे लुगडे नेसलेली एक वृद्धा हात जोडून त्रिशरण म्हणत होती. दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोक जमतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपूर येथेही दीक्षा समारंभ झाला. त्यामुळे आश्विनात या भागातील वाटा उपासकांनी फुललेल्या असतात आणि त्यांतील कित्येकांची पावले विजासनकडे वळतात. मुले जे जुने स्मारक पाहायला आली होती, ते त्या आजीचे विहार होते. गुरुजींनी खूण करताच मुले भिंतीला टेकून उभी राहिली. आजीचे म्हणणे संपले, तेव्हा तिनेच त्यांना हाताने बोलाविले.

बाहेरून प्रकाश आला. धाकट्याने तो झाकणात झेलला आणि आतल्या भिंतीकडे वळविला. तो मूर्तीवर नेण्याआधी त्याला दुसरेच काही पाहायचे होते. तिरपा उजेड भिंतीवरून घासत गेला आणि एवढा वेळ सपाट वाटणारी भिंत एकाएकी बोलू लागली. छिन्नीचे शेकडो बारीक घाव एकाच दिशेने उतरत गेलेले दिसले. वाऱ्याने लववलेल्या धान्यासारखे. कोणा कारागिराचा हात किती सारखा चालला होता! आणि त्या घावांच्या मधोमध, त्यांना आडवी छेदून गेलेली, मोठमोठी, खोल अक्षरे होती. दादाचे नाव. पूर्ण आडनावासकट, खाली गावाचे नाव, सन आणि भोवती चौकट.

धाकट्याला प्रथम आनंदच झाला. नाव खरोखरच ठसठशीत होते. इतक्यात आजी भिंतीला हात धरून उठली. तिने ती अक्षरे पाहिली. ती जवळ गेली, चार बोटे त्या अक्षरांवरून फिरविली आणि ती बोटे आपल्या डोळ्यांना लावली.

"बाबू," ती धाकट्याला म्हणाली, "दरसाल येतो मी इथं, पण हे कधी दिसलं नाई. तू उजेड पाडला तवा दिसलं. भगवंताच्या वक्ताची अक्षरं असतीन नाई का? मले वाचता नाई येत. काय लिवलं हाय, सांग बरं."

धाकट्याच्या हातातले झाकण हालले. उजेड छतावर गेला आणि अक्षरे पुन्हा अंधारात बुडाली. गप्प राहणे सोपे होते. ही ब्राह्मी लिपी आहे, मला येत नाही, असे म्हणणेही सोपे होते; गुरुजी दुसऱ्या टोकाला होते आणि मुलांपैकी कोणाचे तिकडे लक्ष नव्हते.

"आजी, ते जुने नाही," तो हळू म्हणाला. "माझ्या दादाचे नाव आहे ते. तीन वर्षांपूर्वी तो सहलीला आला होता, तेव्हा त्याने लिहिले."

आजी क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली.

"तुया दादाचं? शाळेत जाते ना तो?"

"हो. दहावीत आहे."

"अक्षर चांगलं हाय," ती म्हणाली. "माह्या बापाले शाळा नाई भेटली. मले बी नाई. चांद्याले बाबासाहेब आले, तवा मी बापाच्या खांद्यावर होतो. पाच वर्साची होतो. तवापासून बाप म्हणे, पोरायले शिकवा. माही नात आता कालेजात हाय." तिने लुगड्याचा पदर सावरला. "शिकू दे बाबू त्याले. चांगलं शिकू दे."

तिच्या बोलण्यात उपहास नव्हता. तो असता, तर धाकट्याला एवढे जड गेले नसते. तिने मेणबत्त्या नीट केल्या आणि मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवीत ती उजेडाकडे निघून गेली. "अरे, उजेड कुठे गेला?" असे आतून कोणीतरी ओरडले, तेव्हा धाकट्याने झाकण पुन्हा वर उचलले आणि या वेळी तो गोल सरळ मूर्तीकडे नेला.

जेवणे बाहेर एका चिंचेखाली झाली. गुरुजींनी तेवढ्या वेळात भद्रावतीची पुष्कळ हकीकत सांगितली. या गावाचे जुने नाव भांदक. १८७० नंतरच्या काही वर्षांत पुरातत्त्व खात्याचे प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम मध्य प्रांतात हिंडले आणि येथल्या अवशेषांची माहिती त्यांच्या अहवालातून जगापुढे आली. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग याने कोसल देशाच्या राजधानीचे वर्णन केले आहे. ती राजधानी म्हणजे भांदकच, असे काही विद्वानांनी मानले, तर इतरांनी तो मान छत्तीसगडमधील सिरपूरला दिला. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ चा, म्हणजे इसवी सन ७७२ चा, ताम्रपट भांदकला सापडला आहे. ज्याने वेरूळचे कैलास लेणे करविले असे सांगतात, तोच हा राजा. एवढ्याशा परिसरात बौद्ध लेणी आहेत, पार्श्वनाथांचे मोठे जैन मंदिर आहे, भद्रनागाचे देऊळ आहे, गवराळ्याचा गणपती आहे आणि डोलारा तलावावर दगडी खांबांचा जुना पूल आहे. हे सारे एका दिवसात पाहायचे म्हणजे काहीच न पाहण्यासारखे, असे गुरुजींचे मत होते. म्हणून त्यांनी त्या दिवशी लेण्यांपलीकडे काहीच दाखविले नाही. पुष्कळ मुलांना ते आवडले नाही.

धाकट्याने अर्धी भाकरी खाल्ली होती. त्याने एकाएकी विचारले, "गुरुजी, जुन्या काळीसुद्धा लोक लेण्यांत आपली नावे कोरत का?"

"कोरत तर!" गुरुजी म्हणाले. "कार्ल्याच्या लेण्यात जा. तेथल्या खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या माणसांची नावे आहेत. त्यांत परदेशातून आलेले यवनही आहेत. दोन हजार वर्षे होत आली, ती नावे अजून वाचता येतात."

"मग त्यांना कोणी काही म्हणत नसे?"

"काय म्हणणार? ज्याने खांब दिला, त्याचे नाव खांबावर. कोणी पाण्याचे टाके खोदून दिले, कोणी भिक्षूंसाठी खोली दिली. आधी 'अमुक गावच्या अमक्याचे', आणि लगेच पुढे 'दान'. बहुतेक लेख एवढेच लहान असतात."

धाकट्याने आणखी काही विचारले नाही. झाकणे आता भाजीच्या तेलाने माखली होती आणि त्यांतून प्रकाश काढण्याचा एका मुलाचा प्रयत्न सपशेल फसत होता. त्यावर सगळे हसत होते. राजूरच्या मुलीने एक बारीक काठी शोधून आणली होती. आजोबांना दाखवायला ती घरी नेणार होती. विजासनचे छत तिने त्या काठीने ठोकले नव्हते; फलक वाचल्यावर तिला धीर झाला नाही. पण बाहेरचे मोठमोठे सुटे दगड तिने ठोकून पाहिले होते आणि कोणता खणखणीत वाजतो, ते पाठ करून ठेवले होते.

परतताना पाटाळ्याच्या पुलावर सूर्य मावळतीला आला होता. नदीच्या वाळूवर तिरपा उजेड पडला होता आणि सकाळी न दिसलेल्या पाखरांच्या पावलांच्या ओळी आता पुलावरूनही कळत होत्या. धाकटा खिडकीशी बसून ते पाहत होता. घरी पोहोचल्यावर त्याने पहिल्यांदा कर्कटक कंपासपेटीत परत ठेवले.

दादा जेवायला बसला होता. "काय रे, सापडले का नाव?"

"सापडले."

"मोठे आहे ना?"

"हो. एका आजीने त्याला हात लावून डोळ्यांना लावला."

"कशाला?"

"तुझ्या नावाला. तिला वाचता येत नव्हते. तिला वाटले, ती बुद्धांच्या काळातली अक्षरे आहेत."

दादा मोठ्याने हसला. धाकटा हसला नाही, तेव्हा दादाने वर पाहिले. "मग तू काय सांगितलेस?"

"खरे ते सांगितले."

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, अक्षर चांगले आहे."

दादाने ताट पुढे ओढले. पण मोडलेला घास बराच वेळ त्याच्या हातातच राहिला.